अडलेला दट्ट्या

जुलैतल्या एका पावसाळी सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीहून उतरताना माझ्या सायकलीच्या पुढच्या ब्रेकने दगा दिला. लिव्हर दाबली की चकती एकीकडे वाके. सोडली तरी खरखर थांबेना. दुकानदाराने पाहताक्षणी निकाल दिला, ‘पिस्टन जाम, कॅलिपरच बदला.’

निदान बरोबर होते, उपाय उतावळा. कॅलिपरमध्ये समोरासमोर दोन दट्ट्ये असतात. दोहोंमागे तेलाचा दाब सारखाच. त्यामुळे एक चिखलाने आखडला की मोकळा दट्ट्या त्याच्याही वाट्याचे अंतर चालून जातो. दट्ट्याभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी कडे दाबाने किंचित पिळले जाते आणि दाब ओसरताच पूर्ववत होताना त्याला मागे आणते. तिथे घाण साचली की सारे अडते.

तेव्हा चाक आणि पॅड काढावेत. मोकळा दट्ट्या प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने रोखून धरावा आणि ब्रेक हलकेच दाबून अडलेला दट्ट्या दोनतीन मिलिमीटर पुढे आणावा. कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्याची कड पुसावी, ब्रेकमधल्याच तेलाचा थेंब लावावा आणि तो सरळ मागे रेटावा. असे चारपाच वेळा करावे. खनिज तेलाच्या ब्रेकला डॉट द्रव लावू नये, रबर खराब होते. पॅडला आणि चकतीला तेलाचे बोटही नको. तेल पाझरताना दिसले, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे खरे.

आम्ही मराठीचे अध्यापक मर्ढेकरांच्या यंत्रप्रतिमांवर तासन्‌तास बोलतो, मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून ठराव करतो. परंतु एक ब्रेक दुरुस्त करण्याची कृती निःसंदिग्ध मराठीत लिहा म्हटले की आमची लेखणी अडते. ‘दट्ट्या’ हा पिचकारीतला शब्द विज्ञानाच्या मराठी पुस्तकांनी केव्हाच स्वीकारला आहे. ‘द्रवचालित’ मात्र मला रुचत नाही. हायड्रॉलिक सर्वांना कळते, ते राहू द्यावे. अर्थात देशी-परक्या शब्दांचा वाद येथे दुय्यम आहे. कोणता दट्ट्या रोखायचा आणि कोणता सोडायचा, हे वाक्यात चुकले तर वाचणारा उतारावर पडेल. समीक्षेच्या वाक्याला असा जाब कोणी विचारीत नाही, आणि त्यामुळेच आपले गद्य सैल झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हीच कृती मी वर्गात करून दाखवली आणि विद्यार्थ्यांना लिहायला सांगितली. बहुतेकांनी लिहिले, ‘दट्ट्या बाहेर काढावा.’ ‘पुढे आणावा’ असे मोजक्यांनीच लिहिले. बाहेर काढला, तर तेल जमिनीवर.