ताकदीचा डबा

गेल्या महिन्यात टिळकवाडीला दादाकडे गेले होते. त्याला हृदयविकाराचा झटका येऊन जेमतेम दोन महिने झालेले. बंगळूरहून आलेल्या भाच्याने पिशवीतून पावडरीचा डबा काढला. ‘‘आत्या, यात एल-आर्जिनिन आहे, अमिनो आम्ल. रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. नैसर्गिकच आहे, बाबांना आजपासून सुरू करूया.’’

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात. आर्जिनिन त्यांतलंच एक. शेंगदाण्यात, डाळीत, मासळीत ते असतंच. शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळालं.

मग पावडर घेतली तर बिघडलं कुठे? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासून पाहिलं. नुकताच पहिला झटका येऊन गेलेले १५३ रुग्ण त्यांनी घेतले. काहींना नेहमीच्या औषधांबरोबर दिवसाला ९ ग्रॅमपर्यंत आर्जिनिन दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांत ना हृदयाची ताकद वाढली, ना रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. उलट आर्जिनिन घेणाऱ्यांत ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. २००६ साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा झटक्यानंतर आर्जिनिन देऊ नये, असं त्या डॉक्टरांनीच सांगितलं. रुग्ण थोडे होते, त्यामुळे मृत्यू आर्जिनिननेच झाले असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण फायदा दिसत नसताना हा जुगार खेळायचा कशाला?

मी हे सांगितल्यावर भाच्याचा चेहरा उतरला. बापाच्या काळजीपोटीच आणला होता ना त्याने डबा! त्याची बायको कन्नड घरातली. तीच हळूच म्हणाली, ‘‘मोदलु डॉक्टरन्न केळोण.’’ फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ‘‘डबा उघडूच नका. त्यांच्या गोळ्यांबरोबर रक्तदाब एकदम खाली जायचा.’’

आमटीतलं आर्जिनिन निराळं आणि चमच्याने मोजून घेतलेलं निराळं. तुमच्याही घरी हृदयाचा रुग्ण असेल आणि कुणी मायेने असा डबा आणला, तर माया जरूर घ्या. डबा मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.