लेखणी आणि भाकरी

“लिहून कोणाचें पोट भरलें आहे?” असा प्रश्न पालक वारंवार विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. ज्याच्या घरचा संसार मासळीवर, मिठागराच्या मजुरीवर किंवा बंदरावरील नोकरीवर चालतो, त्यानें मुलाच्या प्रत्येक छंदास ही कसोटी लावून पाहणें शहाणपणाचेंच आहे. परंतु या प्रश्नाचें उत्तर “कोणाचेंच नाहीं” असें गृहीत धरून मुलाच्या हातांतील वही काढून घेणें जितकें अयोग्य, तितकेंच “मी मोठा लेखक होणार” असें म्हणून मुलानें गणिताचें पुस्तक बाजूस सारणेंहि अयोग्य होय. माझें मत असें कीं, लेखन हा एक हुन्नर आहे. सुतारकामाप्रमाणें तो शिकतां येतो, आणि त्यास जेथें गिऱ्हाईक आहे तेथें त्याचें मोलहि मिळतें. मात्र कोणत्या लेखनाची गरज कोणास आहे, हें आधीं ओळखलें पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कीर्ति आणि द्रव्य यांची सोबत नेहमींच असते असें नाहीं. अण्णाभाऊ साठे यांचें शालेय शिक्षण जवळजवळ झालेंच नव्हतें. तरी त्यांनीं तीसांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ सालीं निघाली आणि तीस राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. असें असतां १९६९ सालीं त्यांचें निधन झालें तें हलाखींतच. म्हणून ज्यास लिहावयाचें आहे त्यानें चूल पेटती ठेवणारा दुसरा एखादा व्यवसायहि हातीं ठेवावा. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. उलट भुकेची घाई नसलेला मनुष्य आपलें लेखन पुन्हां एकदां तपासून पाहूं शकतो.

आतां लेखनाचे प्रकार पाहूं. पहिला प्रकार कामाच्या लेखनाचा : अर्ज, तक्रार, सभेचें इतिवृत्त, अहवाल, करारपत्र. यास कोणी वाङ्मय म्हणत नाहीं, आणि म्हणूनच शाळेंत याकडे दुर्लक्ष होतें. परंतु याची थोरवी आपल्या तालुक्यास निराळी सांगावयास नको. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं येथील भूमिपुत्रांचें आंदोलन झालें. गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. आणि पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडाचें तत्त्व मान्य झालें. परंतु सभेंत मिळालेला हक्क घरीं आणावयाचा तर कागद लागतो. सातबारा, वारसांचीं नांवें, जमिनीचा तपशील यांत एक अक्षर चुकलें तरी प्रकरण अडून राहतें. अशा कुटुंबास स्पष्ट अर्ज लिहून देणारा मनुष्य कवीपेक्षां कमी उपकारकर्ता नव्हे. कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस याच हुन्नरावर घर चालवितो. आणि पतपेढ्या, मच्छीमार सोसायट्या, गृहनिर्माण संस्था यांस नीटनेटकें इतिवृत्त लिहिणारा माणूस नेहमींच हवा असतो. या लेखनाचा नियम सोपा आहे. पहिल्या दोन ओळींत काय हवें तें सांगावें, मग घटना तारखांच्या क्रमानें द्याव्या, शेवटीं सोबतच्या कागदांची यादी जोडावी, आणि विशेषणें सर्व काढून टाकावीं.

दुसरा प्रकार वार्तालेखनाचा. आपल्या जिल्ह्यांत चरीच्या शेतकऱ्यांचा संप चालू असतांच, १९३७ सालीं, नारायण नागू पाटील यांनीं ‘कृषीवल’ हें पत्र काढलें. शेतकऱ्याची बाजू छापून यावी, ही त्या काळाची गरज होती. आजहि गांवची बातमी गांवच्या मनुष्यानेंच दिली तर ती खरी उतरते. परंतु या व्यवसायांतील एक खांचखळगा विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. लहान गांवच्या वार्ताहरास मानधन अल्प मिळतें, आणि कित्येक ठिकाणीं त्याची खरी प्राप्ति जाहिरातींच्या दलालीवर अवलंबून असते. ज्याची जाहिरात आणावयाची त्याच्याविरुद्ध बातमी लिहिणें कठीण जातें. म्हणून या वाटेनें जाणाऱ्यानें आरंभींच ठरवावें कीं, आपली लेखणी विकावयाची ती श्रमाच्या मोलानें, मौनाच्या मोलानें नव्हे.

लेखन सुधारावें कसें, असें विद्यार्थी विचारतात. एक उदाहरण घेऊं. “घारापुरी हें अत्यंत निसर्गरम्य व ऐतिहासिक बेट आहे” असें वाक्य दरवर्षीं अनेक वह्यांतून आढळतें. तें खोटें नाहीं. पण तें बेट न पाहतांहि कोणासहि लिहितां येईल. त्याऐवजीं असें लिहून पाहावें : “घारापुरींतील लेणीं १९८७ सालीं जागतिक वारसा ठरलीं, परंतु त्याच बेटावरील राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन गांवांस समुद्राखालून तार टाकून वीज पोहोंचली ती २०१८ च्या फेब्रुवारींत.” या वाक्यांत एकहि अलंकार नाहीं, तरी वाचणारा थबकतो आणि मध्यंतरींच्या एकतीस वर्षांचा विचार करूं लागतो. तात्पर्य, विशेषण गाळून त्या जागीं नांव, आंकडा आणि तारीख घालावी. सुधारणेचा अर्धा भाग एवढाच आहे.

उरलेला अर्धा भाग भाषेचा. लक्ष्मीबाई टिळक यांनीं कधीं शाळेची पायरी चढली नव्हती. त्यांची ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झालीं, आणि आजहि तीं आवडीनें वाचलीं जातात. घरांत ज्या भाषेंत बोलावें त्याच भाषेंत त्यांनीं लिहिलें. तेव्हां आपली आगरी किंवा कोळी बोली ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे. ती आपली ठेव आहे. प्रमाण भाषा अवश्य शिकावी, कारण कचेरींत व परीक्षेंत तीच चालते. परंतु जाळें, होडी, बांध, भरती-ओहोटी यांचे जे नेमके शब्द घरीं मिळतात, ते टाकून पुस्तकी शब्द उसने आणूं नयेत. शब्दाविषयीं संशय आला तर कोश उघडावा. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला व १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. आजहि त्यांत नजर घातली असतां कोंकणच्या किनाऱ्याचे कित्येक शब्द सांपडतात.

तिसरा प्रकार भाषांतराचा. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ सालीं सुरू झालें तेव्हांपासून या परिसरांत इंग्रजी कागदांचा पूर आला आहे. आणि १९६४ च्या कायद्यानें राज्याची राजभाषा मराठी आहे. या दोहोंमध्यें पूल बांधणाऱ्या मनुष्यास काम मिळतें. सुरक्षेच्या सूचना, विम्याचे कागद, औषधाचीं पत्रकें, न्यायालयांतील दस्त यांचें भाषांतर करणाऱ्यास बहुधा शब्दांच्या किंवा पानांच्या हिशेबानें मोबदला देतात. या कामास दोन्ही भाषा पक्क्या लागतात, आणि त्याहून अधिक प्रामाणिकपणा लागतो. कारण सूचनेंतील एक “नाहीं” गळला तर कामगाराचा हात जाऊं शकतो.

चौथा प्रकार ललित लेखनाचा. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकानें १९०९ सालीं दिवाळी अंक काढला, आणि तेव्हांपासून मराठी लेखकास दरवर्षीं एक मोठा बाजार मिळाला आहे. परंतु कंदील लागल्यावर कथा पाठविणारा फार उशिरां येतो. संपादकांची जमवाजमव पावसाळ्यांतच चालू असते. अंक आधीं वाचून पाहावा, त्यास साजेल तेंच पाठवावें, शब्दमर्यादा पाळावी, एक लेख एका वेळीं एकाच संपादकाकडे द्यावा, आणि आपल्याजवळ प्रत ठेवावी. मानधन मिळतें कीं केवळ अंकाची प्रत, हें नम्रपणें आधींच विचारावें. विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. आणि चिकाटी धरावी. बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांची संख्या हजारावर गेली, ती अर्धशतकाच्या नित्य परिश्रमानें. केवळ स्फूर्तीची वाट पाहणाऱ्याच्या हातून एवढें काम होत नाहीं.

पुस्तकाविषयीं पालकांनीं विशेष सावध राहावें. आपणच पैसे भरून “तुमच्या मुलाची कविता ग्रंथांत छापूं” असें कोणी म्हणेल तर तेथें लेखक हा लेखक नसून गिऱ्हाईक असतो. स्वखर्चानें पुस्तक छापणें हें पाप नव्हे. पण तो खर्च आहे, कमाई नव्हे, हें समजून करावें. तसेंच १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचीं चार कलमें प्रत्येक लिहिणाऱ्यास ठाऊक असावीं. लेखन होतांच हक्क लेखकाचा होतो, त्यास नोंदणीची अट नाहीं. तो हक्क लेखकाच्या हयातींत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. दुसऱ्यास द्यावयाचा तर सहीनिशीं लेखी करार लागतो. आणि करारांत मुदत लिहिलेली नसेल तर ती पांच वर्षांचीच धरतात. म्हणून “सर्व हक्क कायमचे” या तीन शब्दांखालीं सही करण्यापूर्वीं वडील माणसास तो कागद दाखवावा.

हल्लीं संगणकास एक ओळ सांगितली कीं तो पानभर निबंध क्षणांत लिहून देतो. तेव्हां लिहावयास शिकण्याचें प्रयोजनच संपलें, असें कित्येकांस वाटतें. मला याच्या अगदीं उलट वाटतें. जें कोणासहि क्षणांत मिळतें त्याचें बाजारांत मोल राहत नाहीं. मोल राहतें तें यंत्रास ठाऊक नसलेल्या गोष्टीचें. २५ सप्टेंबर १९३० च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाची एखादी आठवण कोणाच्या घरीं आजीच्या तोंडून उतरलेली असेल. लग्नांत धवलारीण जे धवले गाते, त्यांतील कित्येक अजून कोणी लिहून घेतलेले नसतील. मिठागराचा फुटलेला बांध कसा घालावा हें जाणणारे वृद्ध अजून आपल्यांत आहेत. त्यांच्याजवळ बसून, विचारून, पडताळून जो लिहील, त्याचें लेखन दुसऱ्या कोणापाशीं मिळणार नाहीं.

म्हणून शाळेपुढें व पालकांपुढें माझी एक सूचना आहे. “मी पंतप्रधान झालों तर” या जातीचे निबंध कमी करावे. आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें आठवड्यास एक पान, स्वतः पाहिलेल्या किंवा स्वतः विचारून घेतलेल्या गोष्टीवर लिहावें. शिक्षकानें तें तपासावें. विद्यार्थ्यानें तें पुन्हां लिहावें. पालकांनीं सुटीच्या दिवशीं तें मोठ्यानें वाचावयास लावावें. वाचतांना जेथें जीभ अडखळते, तेथेंच वाक्य दुरुस्त करावयाचें असतें. हें ओळखण्यास पालकास पदवी लागत नाहीं. वर्षाअखेर चाळीस पानें होतील. त्या चाळीस पानांतून लेखक निपजेलच असें मी म्हणत नाहीं. परंतु आपला अर्ज दुसऱ्याकडून लिहवून घेण्याची व न वाचतां त्यावर अंगठा उठविण्याची पाळी त्या घरावर पुन्हां येणार नाहीं. आणि लेखणीची पहिली कमाई हीच होय.