पहिल्या गिऱ्हाइकाला छळू नका

पडद्यावर लाल आकडे उलटे धावत असतात: ‘लाँच ऑफर, फक्त दोन तास शिल्लक’. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडा, पुन्हा दोनच तास शिल्लक. याला मार्केटिंग म्हणायची पद्धत पडली आहे. मी याला थाप म्हणतो. आणि थाप मारणारी कुणी बलाढ्य कंपनी नसते. दोन-चार पोरांनी रात्रीचा दिवस करून बनवलेलं चांगलं सॉफ्टवेअर असतं, आणि ते विकताना त्यांनी अक्कल आणि लाज दोन्ही गहाण टाकलेली असते.

मी लहान दुकानांचे आणि सोसायट्यांचे हिशेब लिहितो. अशी सॉफ्टवेअर विकत घेणारा जो वर्ग आहे, त्यातलाच मी. ट्रायल हवी तर मोबाईल नंबर द्या. दिला की तासाभरात फोन, मग व्हॉट्सॲप, मग ‘सर, डेमो कधी ठेवू?’ महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी भरायची शेवटची घाई, आणि नेमकी तेव्हाच कामावर ‘आत्ताच अपग्रेड करा’ची चौकट येऊन बसते. ती बंद करायच्या बटणावर लिहिलेलं असतं, ‘नको, मला नुकसान चालेल’. पैसे मागताना समोरच्याचा अपमान करायची ही रीत कुठून शिकलात?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ लबाड्यांची यादीच दिली आहे. खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणं, सतत टोचणं, बाहेर पडायला अवघड करून ठेवलेली वर्गणी, सगळं तिथं नावानिशी आहे. तुम्ही ज्याला ‘ग्रोथ’ म्हणता, त्याला सरकारनं ग्राहकाची दिशाभूल म्हटलं आहे.

पण सर्वांत जास्त संताप येतो तो पहिल्या ग्राहकाला मिळणाऱ्या वागणुकीचा. बिलिंगचं एक नवं सॉफ्टवेअर मी बाजारात आल्या आल्या पूर्ण किमतीला घेतलं. त्यातल्या चुका कळवल्या, त्यांनी त्या दुरुस्तही केल्या. थोड्याच दिवसांत तेच सॉफ्टवेअर निम्म्या किमतीत. विचारलं तर उत्तर आलं, ‘ऑफर फक्त नवीन ग्राहकांसाठी आहे.’ ज्यानं कच्च्या मालावर विश्वास टाकला त्यानं जास्त मोजायचे, आणि जो काठावर बसून राहिला त्याला सूट! पुढच्या वेळी मीही काठावरच बसणार. माझ्या ओळखीचे दुकानदारही बसणार, कारण त्यांना मीच सांगणार.

याच्या बरोबर उलट वागून पैसे मिळवलेली माणसं आहेत. स्वीडनच्या मार्कुस पर्सननं जून २००९मध्ये ‘माइनक्राफ्ट’ अर्धवट असतानाच ९.९५ युरोंना विकायला काढला. गेम पूर्ण होत जाईल तशी किंमत वाढेल, आणि आज घेणाऱ्याला पुढच्या आवृत्त्यांचे वेगळे पैसे पडणार नाहीत, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. पुढे किंमत खरोखरच वाढवली. घाई तिथंही होती, पण ती खरी होती. लवकर आलेल्याला स्वस्तात मिळालं आणि उशिरा आलेल्याला महाग पडलं. न्याय असाच असतो.

त्याच्याही कितीतरी आधी, १९८३ साली, मायक्रोसॉफ्ट सोडलेल्या बॉब वॉलेसनं ‘पीसी-राइट’ हे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर आणलं. फ्लॉपीच्या प्रती कुणीही काढाव्यात, कुणालाही द्याव्यात. ७५ डॉलर भरून नोंदणी करणाऱ्याला छापील माहितीपुस्तक आणि मदत. शिवाय त्याच्या प्रतीवरून दुसऱ्यानं नोंदणी केली तर त्याला २५ डॉलर परत. वॉलेसनं आपल्या गिऱ्हाइकालाच कमिशन देऊन विक्रेता केलं, आणि त्यासाठी कुणालाही छळावं लागलं नाही.

‘टोचल्याशिवाय कुणी पैसे काढत नाही,’ असं मला ऐकवलं जातं. फुकट वापरणारे बहुतेक जण कधीच पैसे देत नाहीत, हे खरं आहे. वॉलेसच्या पद्धतीच्या, म्हणजे शेअरवेअरच्या, काळातही देत नव्हते. पण जो देणारच नाही तो टोचून घ्यायला सरावलेला असतो. पळून जातो तो देणारा.

मागा, हक्कानं मागा. फक्त माझं काम उरकल्यावर मागा. सोसायटीची महिन्याची बिलं निघाली, ताळेबंद जुळला, की खाली एक ओळ येऊ द्या: इतकी बिलं काढलीत, वर्षाचे इतके रुपये. ‘नको’ म्हटलं तर त्या महिन्यात पुन्हा विचारू नका. सूट द्यायची तर तारीख घाला आणि ती तारीख पाळा. ‘लाइफटाइम’ विकत असाल तर तो कुणाचा आणि कुठवर, ते किमतीशेजारीच छापा. जुन्या ग्राहकाला नव्याहून वाईट भाव कधी देऊ नका, आणि चुकून दिला गेला तर फरक न मागता परत करा.

आणि ट्रायल संपली म्हणून माझाच डेटा कुलूपबंद करून ठेवणारे जे आहेत, त्यांच्याशी मी बोलणंही सोडलं आहे. नवी बिलं बनवणं बंद करा, माझी हरकत नाही. जुनी बिलं बघायला, छापायला आणि एक्सेलमध्ये काढून घ्यायला आडकाठी नको. तेवढं पहिल्या पानावर लिहून द्या, मग मला किंमत सांगा.