अली–फ्रेझियर: जाहिरातीलाच इतिहास मानण्याची चूक (थ्रेड)

१/ मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर यांच्या वैराची कथा आजही एकाच साच्यात सांगितली जाते. एका बाजूला व्यवस्थेला आव्हान देणारा बंडखोर, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांचा लाडका, आज्ञाधारक मुष्टियोद्धा. हा साचा कोणा इतिहासकाराने घडवलेला नाही. तो तिकिटे खपवण्यासाठी घडवला गेला, आणि घडवणाऱ्यांत खुद्द अली अग्रभागी होता.

२/ अलीच्या बंडाची किंमत खरी होती, यात वाद नाही. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे त्याने सैन्यभरतीस नकार दिला. व्हिएतनाममधील युद्ध त्याला मान्य नव्हते. विजेतेपद गेले, परवाने गेले, शिक्षा झाली. ऐन उमेदीची सुमारे साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली ती २८ जून १९७१ रोजी. त्याच्या धैर्यावर शंका घेणारा माणूस इतिहास वाचतच नाही, असे खुशाल समजावे.

३/ परंतु अलीच्या या वनवासात फ्रेझियर कुठे होता? अलीला पुन्हा खेळू द्यावे, असे तो उघडपणे म्हणत होता. त्याने अलीला पैशांची मदतही केली. ‘व्यवस्थेचा माणूस’ हे बिरूद ज्याच्या गळ्यात बांधले गेले, त्याचे हे वर्तन लोकप्रिय कथनात क्वचितच आढळते.

४/ फ्रेझियरचा जन्म १९४४ चा, दक्षिण कॅरोलायनातील ब्युफर्टचा. घरची गरिबी, शेतातली मजुरी, पुढे फिलाडेल्फियातील कत्तलखान्यात काम, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. कृष्णवर्णीय श्रमिकाचे याहून अस्सल चरित्र शोधूनही सापडणे कठीण. तरीही अलीने त्याला ‘अंकल टॉम’, म्हणजे गोऱ्यांपुढे लोटांगण घालणारा, ठरवले. अलीवर चिडलेले अनेक गोरे प्रेक्षक फ्रेझियरच्या पाठीशी उभे राहिले हे खरे. पण तो पाठिंबा त्याने मागितला नव्हता. या शिक्क्याची झळ त्याच्या मुलांना शाळेतही लागली.

५/ ८ मार्च १९७१, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दोघेही अपराजित: अली ३१ लढती, फ्रेझियर २६. प्रत्येकाला २५ लाख डॉलरची हमी. आयोजक जेरी पेरेंचियो हा मूळचा हॉलिवूडमधील कलावंतांचा एजंट. मुष्टियुद्धापेक्षा तमाशा कसा विकावा, हे त्याला अधिक कळत होते. समालोचनासाठी बर्ट लँकेस्टर हा चित्रपट अभिनेता बसवला गेला, आणि ‘लाइफ’ मासिकासाठी रिंगणालगत कॅमेरा घेऊन फ्रँक सिनात्रा उभा होता!

६/ येथे एक रूढ समज मोडायला हवा. ‘ही लढत साऱ्या अमेरिकेने घरबसल्या दूरचित्रवाणीवर पाहिली’, असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. अमेरिकेत थेट प्रक्षेपण होते ते ‘क्लोज्ड सर्किट’ पद्धतीने, म्हणजे चित्रपटगृहांत आणि सभागृहांत, तिकीट काढून आत आलेल्यांसाठी. घरातला संच त्या रात्री मुका होता. (मुंबईत तर दूरदर्शन केंद्रच २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले.) देशाला दुभंगणारा राष्ट्रीय प्रश्न म्हणून जी लढत गाजवली गेली, ती पाहण्याचा हक्क मात्र दाराशी मोजून विकला गेला.

७/ पंधराव्या फेरीत फ्रेझियरच्या डाव्या हुकने अली जमिनीवर कोसळला. तिन्ही पंचांनी कौल फ्रेझियरला दिला. निकाल इतका स्पष्ट असूनही कथेत नायक हरलेला चालत नाही, म्हणून पुढची ५० वर्षे ही रात्र अलीच्या पुनरागमनाची प्रस्तावना म्हणूनच सांगितली गेली.

८/ त्याच रात्री पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावी काही युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी एफबीआयचे कार्यालय फोडले. रात्र मुद्दाम निवडली होती. सगळ्यांचे लक्ष लढतीकडे असणार, हा हिशेब. पळवलेल्या कागदपत्रांतून कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनांवरील पाळत उघड झाली आणि ‘कॉइंटेलप्रो’ हे नाव जगापुढे आले. समाजावरील परिणामच मोजायचा असेल, तर या कुलूपफोडीला रिंगणातील पंधरा फेऱ्यांइतकी तरी जागा द्यायला हवी. बहुतेक लेखांत तिला एक ओळही मिळत नाही.

९/ जानेवारी १९७४. दुसऱ्या लढतीआधी एबीसी वाहिनीच्या स्टुडिओत दोघे पहिल्या लढतीचे चित्रण पाहत होते, सोबत हॉवर्ड कोसेल. अलीने फ्रेझियरला ‘अडाणी’ म्हटले. फ्रेझियर उठून उभा राहिला आणि कॅमेऱ्यासमोरच झटापट झाली. पुढे दोघांना प्रत्येकी ५ हजार डॉलर दंडही झाला. अलीसाठी तो खेळ असेल; कष्टकऱ्याच्या पोराला तो शब्द कुठे लागतो, हे त्याला कळायला हवे होते.

१०/ १ ऑक्टोबर १९७५, मनिला. यजमान फर्डिनांड मार्कोस, देशात लष्करी कायदा. अमेरिकेत ती संध्याकाळची वेळ पडावी म्हणून लढत सकाळी उकाड्यात ठेवली गेली. त्याआधी अली पत्रकारांसमोर रबरी गोरिल्ला घेऊन आला, त्याला ठोसे मारले, तो फ्रेझियर असल्याचे सांगितले. कृष्णवर्णीयाला वानर म्हणणे ही गोऱ्या वंशवाद्यांची सर्वांत जुनी शिवी. ती कृष्णवर्णीय अस्मितेच्या प्रतीकपुरुषाने वापरली आणि पत्रकार हसले.

११/ चौदा फेऱ्यांनंतर, फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आल्यावर, प्रशिक्षक एडी फच याने लढत थांबवली. हीच लढत उपग्रहाद्वारे दाखवून एचबीओने आपल्या केबल ग्राहकांपर्यंत देशभर पोहोचण्याचा मार्ग उघडला. सशुल्क दूरचित्रवाणीच्या पायाभरणीत मनिलाचा वाटा मोठा आहे, आणि त्या पायात फ्रेझियरची बदनामीही चिणलेली आहे.

१२/ अलीने २००१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून दिलगिरी व्यक्त केली; जे बोललो ते लढतीच्या प्रसिद्धीसाठी होते, असेही सांगितले. म्हणजे खुद्द वक्त्याने जाहिरात म्हणून मागे घेतलेली विधाने आजचे लेखक पुरावा म्हणून वापरत आहेत.

१३/ ७ नोव्हेंबर २०११ रोजी फ्रेझियर वारला. अंत्यसंस्काराला आजारी अली उपस्थित होता. फिलाडेल्फियात ‘रॉकी’ या काल्पनिक मुष्टियोद्ध्याचा पुतळा १९८० च्या दशकापासून आहे. कत्तलखान्यातल्या मांसावर ठोसे मारण्याचा त्या चित्रपटातला प्रसंग फ्रेझियरच्या आयुष्यातून उचललेला. फ्रेझियरचा स्वतःचा पुतळा त्या शहरात उभा राहिला २०१५ मध्ये.