आधी कान, मग पेचकस

उन्हाळा लागला की आमच्या लातूर-नांदेडकडे घरातले कॉम्प्युटर ओरडायला लागतात. जानेवारीत ज्याचा आवाज शेजारी बसूनही जाणवत नव्हता, तोच सीपीयू एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. मग घरात ठरतं, जुना झाला, आता नवीन घ्यावा. माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन घेण्याआधी तो एकदा उघडून बघावा. आवाज नेमका कुठून येतोय हे कळलं, तर बऱ्याचदा इलाज घरच्या घरी होतो, आणि त्याला पेचकस, ब्रश आणि सुट्टीची एक दुपार पुरते.

आवाज उन्हाळ्यातच का वाढतो, याला साधं कारण आहे. प्रोसेसरला आपली उष्णता खोलीतल्या हवेलाच द्यावी लागते. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेड खाली गोदाकाठी. पण मे महिन्यात पारा दोन्हीकडे चाळिशी ओलांडतो. खोलीतली हवा २५ अंशांवरून ३८ वर गेली, की तेच काम करणारा प्रोसेसरही साधारण तेवढाच, म्हणजे १३ अंश, वर चढतो. मदरबोर्डाला ते कळतं आणि तो पंख्याला पळवतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला तर हवा दुप्पट येते, आवाज मात्र जवळपास १५ डेसिबलनं चढतो. आपल्या कानाला १० डेसिबलची वाढ म्हणजेच दुप्पट आवाज वाटतो. म्हणून वेगात थोडा फरक पडला तरी घरभर गलका होतो.

त्यात आपली धूळ. सोयाबीन निघताना मळणीयंत्राचा भुसा शिवारभर उडतो, डाळमिलच्या बाजूला तुरीची फोलपटं हवेत असतात, आणि काळ्या मातीची बारीक धूळ तर खिडकी लावली तरी आत येतेच. शिवाय उन्हाळ्यात त्याच खोलीत पाण्याचा कूलर चालतो. दमट हवेत धूळ मोकळी उडत नाही, धातूच्या पात्यांना चिकटते आणि तिथंच वाळते. कूलरच्या झोतात ठेवलेल्या कॉम्प्युटरचा आवाज लवकर का वाढतो, ते आत बघितल्यावर समजतं.

लातूरच्या आमच्या घरी मागच्या उन्हाळ्यात नेमकं हेच झालं होतं. लेक बारावीला. या शहरात बारावीचं वर्ष म्हणजे अख्खं घर हळू आवाजात बोलतं. तिच्या टेबलाखालचा सीपीयू सराव परीक्षा सुरू झाली की घोंघावायचा, आणि ती कानात कापूस घालून बसायची. एका दुपारी आम्ही दोघींनी तो ओट्यावर नेला. बाजूचे दोन स्क्रू काढून पत्रा सरकवला. पंखा वरून जरा मळकट होता, एवढंच. पण चार टोकांच्या प्लास्टिकच्या पिना पेचकसानं फिरवून पंखा हीटसिंकसकट उचलला, तेव्हा खरं कारण दिसलं. अॅल्युमिनियमच्या पात्यांवर, पंख्याच्या बरोबर खाली, करड्या धुळीचा थर बसला होता. चिमट्यानं कड धरून ओढला तर अखंड चकतीच निघून आली. पंखा जीव तोडून फिरत होता आणि हवा पुढं जातच नव्हती.

हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्यामध्ये पेस्ट असते. तीही वाळून खडूची भुकटी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडक्यानं दोन्हीकडचे पृष्ठभाग पुसले आणि नवी पेस्ट मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी लावली. जास्त लावल्यानं जास्त गार होत नाही. दाबाखाली ती आपोआप पसरते. पिना बसवताना समोरासमोरच्या, म्हणजे तिरप्या जोडीनं दाबायच्या आणि प्रत्येकीचा खटका ऐकायचा. एक जरी अर्धवट बसली तरी हीटसिंक कलतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. चालू केल्यावर लेकीनं खाली वाकून विचारलं, "आई, सुरू झालाय ना?" तिला पंख्याचा आवाज शोधावा लागला.

प्रत्येक आवाजाचं कारण मात्र धूळच असतं असं नाही. नांदेडहून भाच्याचा फोन आला तो थंडीत. "मावशी, सकाळी चालू केला की किर्रर्र करायलाय बघ. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप गप्प व्हायलाय."

"तेल सोडलं होतंस का त्यात?"

"आजीनं खोबरेल सोडायला लावलं होतं."

उत्तर तिथंच मिळालं. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या सकाळी पंख्याच्या बेअरिंगमध्ये ते घट्ट झालेलं असणार, आणि मशीन तापलं की पातळ होऊन पंखा सुटत असणार. तेल घालायचंच तर शिलाई मशीनचं, मागचं स्टिकर अलगद सोलून, एक थेंब. पण बेअरिंग एकदा झिजलं की तेलानं थोडेच दिवस निघतात. अशा वेळी पंखाच बदलावा. कॅबिनेटचा पंखा काही शे रुपयांत मिळतो. जागा असेल तर ८० ऐवजी १२० मिलिमीटरचा घ्यावा. मोठं पातं कमी वेगात तेवढीच हवा देतं, म्हणून शांत चालतं. भाच्यानं नांदेडच्या वजिराबादेतून पंखा आणून स्वतःच बसवला.

तिसरा आवाज हार्ड डिस्कचा, आणि तो ओळखता येणं सगळ्यांत महत्त्वाचं. बऱ्याच डेस्कटॉपमधली डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. ती धरणारा स्क्रू ढिला असेल तर अख्खा पत्रा त्या सुरात घुमतो. पत्र्यावर हात ठेवला की आवाज दबतो, तर समजावं स्क्रू आवळायला हवेत. पत्रा आणि डिस्क यांच्यामध्ये रबरी वॉशर टाकले तरी पुष्कळ फरक पडतो. पण ठरावीक अंतरानं टक्, टक् असा आवाज येत असेल आणि फाइल उघडायला वेळ लागत असेल, तर पेचकस बाजूला ठेवून आधी फोटो, दाखले, सातबाराच्या प्रती, जे काही असेल ते दुसरीकडे उतरवून घ्यावं. ती डिस्क जायच्या वाटेवर आहे. तिच्या जागी एसएसडी बसवली तर त्यात फिरणारा भागच नसतो, म्हणून आवाजही नसतो.

म्हणून आत हात घालण्याआधी ऐकायचं. रात्री सगळं शांत झालं की पत्रा काढावा, वहीच्या कागदाची सुरळी कानाला लावावी आणि तिचं दुसरं टोक एकेका पंख्याजवळ न्यावं. पात्यांना आणि तारांना मात्र कागद लागू द्यायचा नाही. हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. विहिरीवरची मोटर कोरडी चालली आहे की पाणी ओढते आहे, हे बांधावरून ऐकून सांगणारी माणसं आपल्या घरोघरी आहेत. तोच कान इथं वापरायचा. आणि जो आवाज सगळ्यांत मोठा, त्यालाच आधी हात घालायचा. दोन सारखेच पंखे घोंघावत असतील आणि त्यातला एक बंद केला, तर जेमतेम ३ डेसिबल उतरतात. मोठा आवाज तसाच ठेवून लहान बंद केला तर कानाला काहीच फरक कळत नाही, आणि माणूस उगाच निराश होतो.

काही पथ्यं मात्र पाळलीच पाहिजेत. वायर बोर्डातून काढून मग चालू करायचं बटण एकदा दाबावं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. ब्रशनं किंवा ब्लोअरनं धूळ काढताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, नाहीतर झोतानं ते भलत्या वेगात फिरून बेअरिंग खराब होतं. पंक्चरच्या दुकानातली हवा वापरू नये. तिचा दाब फार असतो आणि टाकीतलं पाणीही तिच्याबरोबर येतं. आणि एसएमपीएस, म्हणजे विजेचा तो लोखंडी डबा, कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब उरलेला असू शकतो. आवाज त्याच्यातूनच येत असेल तर तो अख्खा बदलायचा.

२००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि गावोगावच्या माणसांनी माउस हातात घेतला. त्या वर्गांचे आपल्यावर उपकार आहेत. पण डब्याच्या आत बघायचं धाडस अजूनही घरात आलेलं नाही. आत काय आहे ते दुकानदारालाच कळणार, असं आपण गृहीत धरतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. हक्क कागदावर मिळाला तरी तो वापरणारे हात घरातच तयार व्हावे लागतात. एका पंख्यापायी अख्खा कॉम्प्युटर भंगारात घालणं आपल्या खिशाला परवडत नाही. भंगारात गेलेल्या जुन्या मदरबोर्डांमधलं शिसं कुठल्या तरी मातीत उतरतं, तेही परवडत नाही.

सोयाबीन घरात आलं की आपण दिवाळीची साफसफाई काढतो. डबे, फडताळं, पंखे सगळं पुसतो. त्या यादीत यंदा सीपीयूही लिहा, आणि दुसऱ्यांदा गुढीपाडव्याच्या आसपास, कूलर बाहेर काढायच्या आधी. पेचकस घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा. स्क्रू कुठला कुठं लागतो ते वाटीत मांडून ठेवा आणि उघडण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. पुढच्या मे महिन्यात तुमच्या घरातलं लेकरू शांतपणे अभ्यास करेल, आणि शेजारच्या घरात कॉम्प्युटर ओरडायला लागला तर तो बघायला तेच जाईल.