वीरयात्रेचा आदिबंध आणि ‘फँड्री’तील जब्या

जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या वीरयात्रेच्या आदिबंधात प्रस्थान, दीक्षा आणि प्रत्यागमन हे तीन टप्पे येतात. चित्रपटातील कोणत्याही नायकाला ते लावून पाहण्याची प्रथाच पडली आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील (२०१३) जब्यालाही ते वरवर लागू पडतात. शालूची ओढ ही हाक, सायकली दुरुस्त करणारा चंक्या हा मार्गदर्शक, तर काळी चिमणी ही शोधाची वस्तू. एवढ्यावर थांबणारी समीक्षा मात्र चित्रपटाच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. नायकाला उंबरठा ओलांडण्याची मुभा आहे, हे या आदिबंधाचे गृहीतक आहे. कैकाडी कुटुंबातील जब्याला ती मुभाच नाही. त्याचे प्रस्थान शाळेपर्यंतच, आणि त्याच शाळेच्या परिसरात, शालूच्या डोळ्यांदेखत, त्याला डुकरामागे धावावे लागते. राष्ट्रगीत सुरू होताच तो निश्चल उभा राहतो आणि डुक्कर निसटते. नागरिक म्हणून उभे राहण्याची आणि जातीने लादलेल्या कामाची अशी गाठ मराठी चित्रपटात क्वचितच पडली असेल. पुढे मारलेले डुक्कर वाहून नेले जाते ते फुले-आंबेडकरांची चित्रे असलेल्या भिंतीसमोरून. येथे दीक्षा मिळते ती अवमानाची. चिमणी हाती लागतच नाही, त्यामुळे समाजाला देण्यासाठी आणलेले वरदानही नाही. शेवटी प्रेक्षकाच्या दिशेने भिरकावलेल्या दगडालाच वरदान ठरवून आदिबंध पूर्ण करणे ही समीक्षकाची सोय झाली. जब्याचा संताप त्या चौकटीत बसत नाही.