न्यायासनाचे अज्ञान

न्यायाधीशांना आरोग्याचे आणि समाजस्थितीचे पाठ द्यावेत अशी सूचना निघाली की कित्येक सुशिक्षितांच्या कपाळावर आठ्या चढतात. न्यायाधीशाने कायदा पाहावा, पुरावा पाहावा. वंश, जात आणि वस्ती यांची उठाठेव त्याने का करावी, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल दिसतो निःपक्षपाताचा. वस्तुतः तो अज्ञानाचा कैवार आहे. कारण वंशभेद न्यायालयात न बोलावता येतो, आणि येतो तो आकडेशास्त्राचे सोवळे नेसून!

२००३ साली न्यूयॉर्क येथे प्रवासी बोट धक्क्यावर आदळून एक कृष्णवर्णीय उतारू कायमचा पंगू झाला. भरपाईचा प्रश्न निघाला तेव्हा प्रतिवादी शहराने आकडे पुढे केले की, अशा दुखापतीनंतर कृष्णवर्णीय माणसे इतरांहून कमी जगतात. सबब याच्या शुश्रूषेचा खर्चही कमी धरावा. न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी २००८ साली हा युक्तिवाद झिडकारला. पुढे भाड्याच्या घरातील शिशाच्या रंगाने विषबाधा झालेल्या एका बालकाचा दावा त्यांच्यापुढे आला. मूल हिस्पॅनिक वंशाचे, तेव्हा ते फारसे शिकले नसतेच, असा बचाव होता. २०१५ साली त्यांनी तोही फेटाळला.

या युक्तिवादांतील क्रौर्य ध्यानात घ्या. कोंदट वस्ती, विषारी हवा, धोक्याची कामे, दवाखान्यातील हेळसांड आणि नित्याचा अपमान यांनी आधी माणसाचे आयुष्य तोडायचे. मग तेच तुटके आयुष्य दाखवून त्याची किंमत कमी करायची! आकडा खोटा नसेल. पण त्याचे कारण रक्तात नसून व्यवहारात आहे. हे ज्या न्यायाधीशाला कोणी शिकविले नाही, तो तोच आकडा निसर्गनियम म्हणून शिरोधार्य मानील. म्हणून हे शिक्षण हवे.

आपण हे परदेशचे पाप म्हणून हात झटकू नयेत. आपल्याकडे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला, आणि ते पाणी सार्वजनिक असल्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय यावयास १९३७ साल उजाडले. पाण्यावाचून आरोग्य कसले? गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये ठरविले. २०२३ साली ते ३० लाख केले. तरीही त्या गटारात कोणत्या जातींची माणसे उतरतात, हे सर्वांस ठाऊक आहे.

देवळाच्या सभामंडपात बसून आपण याला प्रारब्ध म्हणतो. परंतु घरमालकाने न खरवडलेला विषारी रंग हे प्रारब्ध नव्हे. यंत्राऐवजी गटारात उतरविलेला माणूस हेही प्रारब्ध नव्हे. ती माणसांची करणी आहे, आणि माणसांच्या करणीचा निवाडा करण्यासाठीच न्यायासन असते. भोपाळला न्यायाधीशांसाठी राष्ट्रीय अकादमी आहे. तेथे हा विषय ऐच्छिक नव्हे, आवश्यक असावा. शरीरावर उमटलेला अन्याय ज्याला वाचता येत नाही, त्याने वाचलेला कायदा अपुराच राहणार.